रॅमला ३.२ व्होल्ट देण्याआधी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

रॅम जास्त वेगाने पळवायला तिला जास्त व्होल्टेज हवं, पण बायोसमध्ये मेमरीचं व्होल्टेज २.९ च्या पुढे सरकत नाही, म्हणून तू थेट मदरबोर्डावर सोल्डरिंग करायच्या बेतात आहेस. कर. पण आधी रॅमवरच्या पत्र्याच्या फटीतून बॅटरी मारून चिपवरचा नंबर वाच. विनबाँडची बीएच-५ असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे. डीडीआर ४०० (तुझ्या रॅमचा प्रकार) चं ठरलेलं व्होल्टेज २.६. बीएच-५ ला ३.२ ते ३.३ दिलं की ती २-२-२ टायमिंग (विलंबाचे आकडे, जितके लहान तितकं चांगलं) न सोडता २५० मेगाहर्ट्झच्या आसपास पळते. सॅमसंगची टीसीसीडी निघाली तर हे पत्र घडी घालून ठेवून दे. ती २.७-२.८ वरच खूश असते, वरचं सगळं नुसतं तापण्यात जातं. आणि ३.६ हा आकडा डोक्यात पक्का ठेव. डीडीआर चिपच्या बहुतेक डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) तीच शेवटची हद्द असते.

आता बोर्ड. रॅमच्या स्लॉटजवळ तांब्याची कॉइल, दोन मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आणि आठ पायांची छोटी चिप दिसली, तर रॅमचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर स्विचिंगचा आहे. कॉइल नसेल, नुसता मॉस्फेटच असेल, तर तो लिनियर. त्याला वरून ३.३ ची लाइन येत असली तर तू काहीही केलंस तरी ३.३ च्या वर जाणार नाही, उलट थोडं खालीच राहील. तीच लाइन ५ व्होल्टवर नेण्याचा मोह होतो. पण ५ अँपिअर करंटला (५ − ३.२) × ५ म्हणजे ९ वॉट त्या एका मॉस्फेटमध्ये जळतात. हीटसिंक आणि पंखा लावल्याशिवाय तिकडे जाऊ नकोस. पुढचं सगळं कॉइलवाल्या बोर्डाबद्दल आहे.

त्या आठ पायांच्या चिपवरचा नंबर शोधून डेटाशीट काढ आणि एफबी म्हणजे फीडबॅकचा पाय कुठला ते बघ. या पायावर नेहमी ठरावीक व्होल्टेज राहावं एवढंच चिप पाहते. बऱ्याच चिपांत ते ०.८ असतं, पण तुझ्या चिपचं डेटाशीटमधूनच घे. आउटपुटपासून (म्हणजे रॅमला जाणाऱ्या व्होल्टेजपासून) एफबीपर्यंत एक रेझिस्टर (वरचा) आणि एफबीपासून ग्राउंडपर्यंत दुसरा (खालचा). खालच्याला समांतर आणखी एक रेझिस्टर जोडला की एफबीवरचं व्होल्टेज पडतं. चिपला वाटतं आउटपुटच कमी झालंय, आणि ती ते वर ढकलते. मजा अशी, की एफबीवर ०.८ च दिसत राहिल्यामुळे त्याच पायावर नजर ठेवणारं ओव्हरव्होल्टेज संरक्षणही फसतं. तिथून मदतीची अपेक्षा ठेवू नकोस.

समज, खालचा १ किलोओहम आणि वरचा २.२६ किलोओहम. मग आउटपुट ०.८ × (१ + २.२६), म्हणजे २.६ व्होल्ट. तू जोडलेल्या रेझिस्टरमुळे पडणारी भर साधारण १८०० भागिले त्याचे ओहम. १२ किलोओहमला ०.१५ व्होल्ट, ६ ला ०.३, ३ ला ०.६, २ ला ०.९, आणि १ किलोओहमला १.८! जोडायचा रेझिस्टर म्हणजे प्रीसेट, स्क्रूने किंमत बदलता येणारा. त्याचा स्क्रू सुरुवातीला कितीही फिरवला तरी मीटर हलत नाही आणि शेवटी पाव वळशातही उडी मारतो, तो याच भागाकारामुळे. रॅम जळते ती इथे. ‘काहीच होत नाहीये’ म्हणत हात सैल सुटतो आणि नेमका तेव्हाच टोकाचा भाग येतो.

खालच्या रेझिस्टरची किंमत बोर्डावर मोजताना बहुतेक जण चुकतात. बोर्ड बंद असताना आउटपुटपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स खूप कमी असतो, त्यामुळे मीटरला दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात. वरच्या उदाहरणात तो १००० ऐवजी ६९० च्या आसपास दाखवेल. म्हणून दोन्ही रेझिस्टरांवर छापलेला आकडा भिंगाने वाच: १०२ किंवा १००१ म्हणजे १ किलोओहम, २२६१ म्हणजे २.२६. मग हिशेब कर आणि बोर्ड चालू असतानाच्या आउटपुटशी ताडून बघ. जुळलं तरच पुढे जा.

सामान थोडंच लागतं. १० किलोओहमचा २५ वळशांचा मल्टिटर्न प्रीसेट (३२९६ प्रकारचा, वर १०३ लिहिलेला), २.२ किलोओहमचा एक टक्कावाला रेझिस्टर, बारीक सिंगल-स्ट्रँड वायर, अर्धा मिलिमीटरची ६०/४० सोल्डर आणि रोझिन फ्लक्स. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी एकाच फेरीत मिळेल. डबीतली आम्लवाली पेस्ट घेऊ नकोस, ती नंतर तांबं खाते. २.२ चा रेझिस्टर प्रीसेटला सिरीजमध्ये जोडायचा, म्हणजे स्क्रू पार टोकाला गेला तरी भर ०.८२ च्या वर जात नाही आणि आउटपुट ३.४३ ला थांबतं. त्याशिवाय प्रीसेट शून्यावर गेला तर एफबी थेट ग्राउंडला लागतो. प्रीसेटचा मधला पाय आणि एका टोकाचा पाय एकमेकांना जोडून टाक. आत संपर्क तुटलाच तर व्होल्टेज वर न जाता खाली येतं.

बोर्डाला जोडण्याआधी या प्रीसेट-रेझिस्टर जोडीच्या दोन टोकांमध्ये मीटर लावून स्क्रू फिरव आणि १२.२ किलोओहम आल्यावर थांब. प्रीसेट आधी बोर्डला ग्लू गनने चिकटव, वायर नंतर. उलट केलंस तर वायरीच्या ओढीने पॅडच उपटून येतो. २५ वॉटचं आयर्न, टोकदार बिट, आणि वायरीच्या टोकाला आधीच सोल्डर चढवलेली. चिपच्या पायावर न लावता खालच्या रेझिस्टरच्या एफबीकडच्या टोकाला लाव, तिथे जागा मिळते. आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस. दुसरी वायर ग्राउंडला. एफबीकडची वायर दोन-तीन सेंटीमीटरहून लांब नको, ती अँटेनासारखी गोंगाट उचलते आणि मग रॅम विनाकारण एरर देते.

हे सोल्डरिंग करण्याआधीच बायोसमध्ये मेमरी २.६ वर ठेवलेली असू दे. बायोसही बहुधा असाच खालच्या रेझिस्टरला समांतर काहीतरी जोडून व्होल्टेज वाढवतो, त्यामुळे दोन्ही भरांची सरळ बेरीज होते. बायोसमध्ये २.९ आणि प्रीसेटची भर ०.६ म्हणजे ३.५. वर सांगितलेली ३.४३ ची हद्द तेव्हा लागू राहत नाही.

पहिल्यांदा जळली तरी चालेल अशी जुनी रॅम घाल. मीटरचं काळं टोक मोलेक्सच्या (पॉवर सप्लायच्या चार पायांच्या प्लगच्या) काळ्या वायरीत, लाल टोक कॉइलच्या रॅमकडच्या बाजूला. बायोसचा आकडा बघू नकोस, तो खोटं बोलतो. २.७५ च्या आसपास दिसायला हवं. २.६ दिसलं तर सांधा कच्चा आहे. ३.४ दिसलं तर प्रीसेट उलट्या टोकाला आहे, लगेच वीज काढ. बरोबर आलं तर एकेक पाव वळसा, दर वेळी मीटरकडे बघत. ३ च्या पुढे गेल्यावर वळशाचाही आठवा भाग.

मग व्हीटीटी, म्हणजे रॅमच्या सिग्नल लाइनींचं टर्मिनेशन व्होल्टेज, मोज. ते मेमरीच्या व्होल्टेजच्या निम्मं लागतं, म्हणजे ३.२ ला १.६. काही बोर्डांवर ते मागोमाग वाढतं, काहींवर नाही. १.३ लाच अडकून बसलं असेल तर रॅम एरर देत राहील आणि तू उगाच व्होल्टेज वाढवत बसशील.

मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘टेस्ट ५’ तासभर फिरव. ०.१ वाढवूनही फ्रिक्वेन्सी वर जात नसेल तर तेवढं परत खाली आण. रॅमवर ८० मिमीचा पंखा ठेव, मॉस्फेटला बोट लावून बघ. बोट टेकवत नसेल तर हीटसिंक लाव. आणि आसपासचा एखादा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला असला तर तो आधी बदल, हे सगळं काम नंतर.

चिपचा नंबर आणि दोन्ही रेझिस्टरांवरचे आकडे मला कळव. तुझा हिशेब इथे करून ठेवतो, मग आयर्न गरम कर.

तुझा,
सुधीर