चपलांचे चार गोल

प्रिय सोन्या,

रविवारी फोनवर तू बोलून गेलास ना, की आई मी इथे जर्मनीत, लाइपझिगच्या या फुटबॉल कोचिंगच्या कोर्सला, वर्गात तोंडच उघडत नाही, ते मला रात्रभर टोचत होतं. फोनवर सांगायला गेलं की तू हो हो करून विषय बदलतोस म्हणून लिहितेय, मोबाईलवर एका बोटाने, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. पप्पा म्हणाले व्हॉइस मेसेज टाक की सरळ, पण व्हॉइस मेसेज तू दीडपट स्पीडने ऐकतोस हे मला माहितीये.

पार्सल पोचलं असेल तर कळव. कुरियरवाल्याने बेसनाचे लाडू आणि बर्फी काउंटरवरच बाजूला काढायला लावली, दुधा-तुपाचं युरोपात घेत नाहीत म्हणे, मी म्हटलं अरे लाडूत कुठलं दूध, तर तो म्हणाला काकू वाद नका घालू अख्खं पार्सल परत येईल. म्हणून फक्त चिवडा, चकल्या आणि तिखट शेव. किंमत विचारू नकोस, चिवड्याच्या चौपट कुरियर झालं. लाडू मग तू फुटबॉल शिकवतोस त्या पोरांनी ग्राउंडवर संपवले. आणि हो, तुमच्याकडे घड्याळ तासभर मागे करतात हे आधी सांगायचं होतंस की, मी आपली साडेतीन तासांचा हिशोब धरून फोन करतेय आणि तू झोपेत, आता साडेचार तासांचा फरक झालाय हे शेजारच्या पोरीने सांगितलं तेव्हा कळलं.

तर आता मुद्द्याचं. तू म्हणतोस वर्गात एक जण स्वतःच्या देशाकडून खेळलेला, दुसरा मोठ्या क्लबचा कोच, सगळे फाडफाड बोलतात, आणि मी काय सांगू, मी नाशिकरोडला जेलरोडच्या ग्राउंडवर दहा वर्षांच्या पोरांना शिकवतो. अरे मग तेच सांग ना. तिथे १९६४ पासून तो कोर्स चालतो, तेव्हापासून आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका, जिकडे जिकडे सोयी कमी तिकडचे कोच येतायत असं तूच मला अॅडमिशनच्या वेळी समजावलं होतंस, खर्च त्यांचं परराष्ट्र खातं करतं हे सुद्धा तूच सांगितलंस, कारण मी विचारत होते फुकट कोण कशाला शिकवेल. त्यांना काय फक्त मोठ्या क्लबचेच लोक हवे असते तर तुला कशाला बोलावलं असतं?

इंग्रजीचं म्हणशील तर माझंच सांगते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मी नाशिकरोडच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसला नोकरीला लागले तेव्हा पहिले आठ दिवस रजिस्टरमधला एक इंग्रजी शब्द मला कळत नव्हता, रोज तो कॉलम यायचा आणि रोज मी बाजूचीचं बघून भरायचे. शब्द पेनने तळहातावर लिहून घरी आणला, तर बिटको चौकापर्यंत येईस्तोवर घामाने पुसला गेला. शेवटी एका सीनियर बाईंनीच पकडलं, म्हणाल्या अगं विचारायला काय टॅक्स लागतो का. दोन मिनिटांत समजावलं. मला त्या दोन मिनिटांची लाज वाटली नाही, आठ दिवसांची वाटली. शब्द कोणता ते सांगणार नाही, आतलं बाहेर सांगायचं नाही हे अठ्ठावीस वर्षं पाळलंय, रिटायर झाले म्हणून काय सुटलं का.

प्रेसवरून आठवलं. तुझा पासपोर्ट पोस्टमनने आणून दिला त्या दिवशी तू आंघोळीला होतास आणि मी पाकीट फोडून आधी पानं मोजली. छत्तीस. पप्पा हसले. पण हात आपोआपच गेला रे. देशातल्या सगळ्या पासपोर्टची कोरी पुस्तकं आपल्या नाशिकरोडला छापतात, मग तुझं ते पुस्तक इथून निघालं, ऑफिसं फिरलं आणि स्पीड पोस्टने परत नाशिकरोडलाच आलं, आपल्या दारात. आणि माझा स्वतःचा पासपोर्ट अजून नाहीये, बोल.

ही मोजायची सवय आता ग्राउंडवर पण लागलीये. तू गेल्यापासून मी रोज पाचला जाते. बॉलची जाळी, पंप आणि हजेरीची वही घेऊन बसते, वॉर्मअप तुझी ती दहावीतली पोरं घेतात. पहिल्याच आठवड्यात मी एक बॉल घालवला, पंपाची पिन कोरडीच घुसवली आणि आतलं फाटलं, मग एक सात वर्षांची मला सांगते आजी पिन आधी थुंकी लावून ओली करायची, सर तसंच करतात. म्हणजे तू थुंकी लावतोस तर. मी पाण्याची बाटली ठेवलीये.

तर झालं काय, तो चष्मेवाला आहे ना, चष्म्याला मागून इलास्टिक लावलेला, त्याची आई येऊन म्हणाली की माझ्या मुलाला बॉलच मिळत नाही. मी म्हटलं मिळत असेल, तुम्हाला लांबून दिसत नसेल. मग दुसऱ्या दिवशी बसले मोजत. मोठ्या पोरांनी सगळ्यांची मिळून एकच मॅच लावली होती, बारा विरुद्ध बारा. वीस मिनिटांत त्या पोराचा पाय बॉलला तीनदा लागला, त्यातला एक थ्रो-इन घेताना हातातून सुटून पायावर पडला तो धरून. बाकी वेळ तो आपला बॉल जिकडे जाईल तिकडे सगळ्यांच्या मागे पळतोय. मधेच उभं राहून बाजूच्या क्रिकेटवाल्यांची बॅटिंग बघत होता.

मग मला तुझं आठवलं. लॉकडाऊनच्या आधीच्या वर्षी ग्राउंडच्या बरोबर मधोमध लग्नाचा मांडव पडला होता आणि तू चिडचिड करून शेवटी कोपऱ्याकोपऱ्यात चपला मांडून बारके बारके गोल केले होतेस, दोन या बाजूला दोन त्या बाजूला, तीन-तीन पोरं, गोलकीपर नाही. मी तेव्हा तुला म्हटलं होतं हा काय खेळ झाला, भातुकली आहे नुसती. दोन आठवडे चाललं ते, मग मांडव निघाला आणि तू परत मोठ्या मॅचवर गेलास, कारण पालक म्हणायला लागले की हा खरा फुटबॉल नाही. आणि मागच्या महिन्यात तू फोन करून सांगतोस की आई, इथे बारक्या पोरांना हेच खेळवतात, तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, गोल झाला की दोन्हीकडचा एकेक बदलायचा, होर्स्ट वाइन नावाच्या माणसाने काढलं, तो मूळचा हॉकीचा कोच, आणि २०२४-२५ च्या सीझनपासून जर्मनीत सगळीकडे बारक्यांना अशाच छोट्या मॅचेस कंपल्सरी केल्या. सांगताना तुझा आवाज असा काही होता जसं काय त्यांनी शोध लावला आणि तू पहिल्यांदाच बघतोयस. अरे तू मांडवामुळे केलंस आणि त्यांनी विचार करून केलं हे खरं, पण केलं होतंस ना?

तर मी परवा तेच लावलं. चोवीस पोरं, चार ग्राउंडं, सोळा गोल. चपला पुरल्या नाहीत, बूटवाले बूट काढेनात, मग डबे, पाण्याच्या बाटल्या, एका ठिकाणी माझी पर्स. त्या चष्मेवाल्यावर नजर ठेवून पुन्हा मोजलं, वीस मिनिटं घड्याळ लावून. एकतीस. मला वाटलं चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर अठ्ठावीस. तीनचे तीस होतायत बाबा. आकडे किराणाच्या बिलामागे लिहिलेत, फोटो पाठवलाय तुला व्हॉट्सअॅपवर, नीट झूम करून बघ. जाताना मात्र चपलांचा एवढा गोंधळ झाला की एक पोरगा दोन्ही डाव्या घालून घरी गेला, त्याचे पप्पा रात्री गाडीवर आले बदलायला.

हे वर्गात सांग. इंग्रजी मोडकं असलं तरी तीन आणि एकतीस हे आकडे सगळ्यांना कळतात.

पालकांचं काय सांगू. परवा एक जण विचारत होते दहावीला क्रीडा गुण मिळतील का, पोरगी तिसरीत आहे. दुसरे म्हणाले तीन महिने झाले, टीममध्ये कधी घेणार. मी त्यांना तूच सांगितलेली गोष्ट ऐकवली, की २००० च्या युरो कपमध्ये जर्मनी ग्रुपमध्ये शेवटची आली, मग त्यांनी देशभर पोरांसाठी ट्रेनिंगची केंद्रं काढली, आणि वर्ल्डकप कधी जिंकले तर २०१४ ला. चौदा वर्षं थांबले ते. तर ते म्हणाले हो पण आमचा लवकर शिकतो. काय बोलणार.

आणि तू मागच्या बाकावर बसणारा कधीपासून झालास? २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्याकडे होता तेव्हा सरकारने शाळांना फुटबॉल वाटले होते, पंधरा सप्टेंबरला सगळ्या महाराष्ट्राने खेळायचं म्हणून. खेळले एक दिवस, फोटो काढले आणि एका शाळेत ते बॉल कपाटात गेले. शाळेचं नाव कशाला घ्यायचं. तू कॉलेजला होतास, सरळ मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेलास आणि म्हणालास सर बॉल पडून आहेत तर मी पोरांना शिकवू का. मला किती भीती वाटली होती, म्हटलं हाकलून देतील. चावी दिली त्यांनी. हवा गेलेले तीन बॉल, त्यावर धूळ, त्यातल्या एकात झुरळ. तिथून सुरू झालं सगळं. ते कोचिंगचं डी लायसन्स, मग सी लायसन्स, माझ्या सोसायटीचं कर्ज, सगळं त्या चावीपासून.

त्यावरून माझं तुझं भांडण झालं होतं ते आठवतं का, मी म्हटलं होतं पीटीचा मास्तर होऊन काय मिळणार. तेव्हा तू मला हैदराबादच्या रहीम साहेबांचं, भारताच्या फुटबॉल टीमच्या जुन्या कोचचं, सांगितलंस, की ते पण शाळामास्तरच होते, आणि त्यांच्या टीमने १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर काढला आणि १९६२ ला जकार्ताला एशियाडचं गोल्ड आणलं, ते सुद्धा कॅन्सर झालेला असताना. फक्त कच्च्या पायाने खेळायच्या मॅचेस लावायचे म्हणे ते, म्हणजे दोन्ही पाय तयार होतील. मी तेव्हा ऐकून घेतलं पण पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. तुला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी भरायला लावला आणि तू पेपरला गेलाच नाहीस, ग्राउंडवर गेलास, मी दोन दिवस बोलले नाही. आता रोज पाचला तिथे जाऊन बसते तर कळतंय की तू दीड तास घसा फोडून घरी आल्यावर जेवताना गप्प का असायचास. माझा तर मोजून मोजूनच घसा बसलाय.

पप्पांचं म्हणशील तर ते अजून म्हणतात क्रिकेट असतं तर बरं झालं असतं, पण तू पाठवलेला स्टेशनचा फोटो त्यांनी कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला, एवढं मोठं स्टेशन, आपलं नाशिकरोड त्यात कितीदा बसेल याच्यावर चर्चा झाली. आणि जर्मनीची फुटबॉलची संघटना १९०० साली तुझ्याच त्या लाइपझिगमध्ये एका हॉटेलात बसून काढली हे पण सांगितलं, त्यावर एक काका म्हणाले आपल्याकडे हॉटेलात बसून फक्त मिसळ खातात. पप्पा चिडले थोडे. म्हणजे बाजू तुझीच घेतात, समोर कबूल करणार नाहीत एवढंच.

आता माझं काम ऐक. चार ग्राउंडं एका वेळी चालू असतात आणि मी एकटी. एकाकडे बघितलं की बाकी तीन ठिकाणी भांडणं, गोल झाला की नाही झाला, बाटली पडली की पाडली. मधे उभी राहिले तर माझी पाठ दोन ग्राउंडांकडे. कडेला बसले तर लांबचं दिसत नाही. फिरत राहिले तर गुडघे दुखतात. मोठी पोरं मदतीला आहेत पण ती स्वतःच खेळायला घुसतात. एका कोचने चार मॅचेस कशा सांभाळायच्या, उभं कुठे राहायचं, हे तिथे विचार. तुला विचारायला लाज वाटत असेल तर माझ्या नावाने विचार, म्हण माझ्या आईला कळत नाहीये, साठीची बाई आहे, गुडघे दुखतात. मागचा-बिगचा बाक सोड आणि पुढे जाऊन विचार, आणि उत्तर कागदावर काढून फोटो पाठव, तू ते बाण आणि गोल काढतोस तसं.

सोमवारच्या आत पाठव पण. दिवाळीची सुट्टी संपतेय, गावाला गेलेली पोरं परत आली की तीसच्या वर जातील, आणि ग्राउंडच्या त्या बाजूला पुन्हा बांबू येऊन पडलेत.

तुझी,
आई

ता.क. कानटोपी घालत जा, फोटोत कुठेच दिसत नाही. आणि जाळीतला तो पिवळा बॉल कोणाचा आहे, आपला की क्रिकेटवाल्यांच्या पोराचा, तो रोज येऊन मागतोय.