रेशनकार्डाचे निकष मराठीतही लावा

बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कार्ड नेमके कोणाला मिळते, याबाबत खानापूर-बेळगाव तालुक्यांतील खेड्यांत अजून गोंधळ आहे. कर्नाटकात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार रुपयांच्या आत हवे. प्राप्तिकर भरणारे व सरकारी नोकर अपात्र. स्वतःची चारचाकीही चालत नाही, मात्र पोटापाण्यासाठी चालवलेल्या एका गाडीला सूट आहे. हे ठाऊक नसल्याने कितीतरी टॅक्सी-टेम्पोवाले हक्क सोडून बसतात, याचे फार वाईट वाटते. अतिगरिबांसाठीच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य आहे. निराधार विधवांनी, एकट्या वृद्धांनी ते जरूर मागावे. पण कन्नड न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना हे सांगणार कोण? प्रत्येक रेशन दुकानात निकषांचा फलक मराठीतही लावावा.

– एक वाचक, खानापूर