मनगटाच्या त्या दोन नसांबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या उजव्या मनगटाच्या दुखण्याची जाणीव नेणाऱ्या दोन नसा तुम्ही ऑपरेशन करून कापल्यात, त्याला आठ वर्षं झाली. दर तपासणीला तुमच्यासमोर बसलो की "बरं आहे" याच्यापुढे माझी गाडी सरकत नाही, म्हणून लिहितोय.

तरुणपणी हातावर पडलो होतो. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड हाड मोडलं होतं आणि ते जुळलंच नाही, हे कळलं तुमच्याकडे आल्यावर. तोवर सांधा पार झिजला होता. आधी एका ठिकाणी मनगट कायमचं जखडून टाका म्हणाले होते. मी सुतार. रंधा मारायचा कसा?

तुम्ही ऑपरेशनचं नावही न काढता आधी मनगटाच्या मागून, थोडं वर, त्या दोन नसांपुरतीच भूल दिलीत आणि म्हणालात, "आता जा, जे केल्यावर सगळ्यात जास्त दुखतं तेच करा." मी घरी जाऊन सागाची फळी रंध्याखाली घेतली. लांब, सलग ढलपी निघाली, मध्ये कुठेही हात अडखळला नाही. रात्री भूल उतरली, ठणका परत आला, आणि मला चक्क आनंद झाला! दुखण्याची बातमी याच दोन नसांतून जाते, हे पक्कं झालं होतं.

नस कापणार म्हटल्यावर घरचे हादरले होते. या नसा मनगटापाशी येईपर्यंत त्यांच्याकडे सांध्याची जाणीव नेण्याचंच काम उरतं, बोटं हलवणाऱ्या फांद्या आधीच फुटून गेलेल्या असतात, हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत. विल्हेल्म नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९६६ मध्येच ही वाट दाखवली होती, हेही सांगितलंत. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. "दुखणं कमी होईल, झीज थांबणार नाही. काही जणांचं दुखणं काही वर्षांनी परत येतं," हे तुम्ही ऑपरेशनच्या आधीच बोललात. तिसऱ्या वर्षी मी दुखत नाही म्हणून बेफाम काम ओढलं आणि मनगट सुजवून घेतलं, तेव्हा तुमच्यावर राग काढायला जागाच नव्हती. चूक माझी होती.

आज पकड चांगली आहे. मनगट पूर्वीइतकंच वळतं, म्हणजे कमीच. जड कामाच्या दिवशी संध्याकाळी ठणकतं, रात्री झोप मात्र लागते. एक्स-रे दरवेळी थोडा वाईट दिसतो. जखडायचा मार्ग अजूनही मोकळा आहे म्हणालात, तो तसाच मोकळा राहू दे. पुढच्या तपासणीला नवा एक्स-रे घेऊन येतो.

आपला,
रंधावाला पेशंट