वडगावचं घर विकू नका

पेर्पिन्याँ, फ्रान्स
१० सप्टेंबर

ती. आप्पा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार. अण्णा-वैनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

परवा अण्णाचा फोन आला आणि वडगावच्या घराला गिऱ्हाईक आल्याचं कळलं. मला धड बोलताच आलं नाही. आप्पा, तुम्ही मागून म्हणालात, "आपण कोल्हापुरात, ती कायम फिरतीवर, बेळगावात कुलपाला गंज चढतोय. ठेवून करायचं काय?" तुमचं विचारणं रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नव्हतं, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल. अण्णा, आईला सावकाश वाचून दाखव.

आधी माझ्या कामाविषयी, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. आप्पा, तुम्ही उभा जन्म खड्डामागावर काढलात. व्यापाऱ्याकडून सूत आणायचं, साडी विणून द्यायची, साडीगणिक मजुरी घ्यायची. महिन्याचा पगार आपल्या घरात कधी आला नाही, तरी आम्ही दोघं शिकलो. माझंही तसंच चालतं. मासिकाचं काम आलं की दिवसाच्या हिशेबानं पैसे ठरतात, प्रवास आणि राहणं वेगळं. काम पोचवून महिना-दोन महिने झाले तरी पैसे येत नाहीत, मग आठवणीची पत्रं लिहायची. मधल्या काळात मिळेल ते काम करते. सध्या इथं द्राक्षं काढायचा हंगाम आहे. कोलियूर आणि बान्यूल्सच्या बाजूला डोंगर थेट समुद्रात उतरतो, त्या उतारावर दगडी बांध घालून मळे केलेत. तिथं यंत्र चालत नाही, माणसं हातानं घड तोडतात. एका वाईन करणाऱ्या कुटुंबासाठी मी त्याचे फोटो काढतेय. पहाटे जायचं, ऊन डोक्यावर आलं की थांबायचं.

एका गोष्टीत मात्र माझं काम तुमच्यापेक्षा बरं आहे. साडी विकली की तुमचा तिच्यावरचा हक्क संपायचा. फोटोचं तसं नसतं. मी छापायची परवानगी देते, अमुक देशात, अमुक मुदतीसाठी, आणि फोटो माझाच राहतो. फ्रान्समध्ये फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हा हक्क टिकतो. आपल्याकडं १९५७ च्या कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पण आपल्या कायद्यात एक मेख आहे. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याच्या मालकीचा होतो. म्हणून मी कागद केल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. अण्णा, तुझ्या मित्राचा पोरगा लग्नाचे फोटो काढायला लागलाय ना, त्याला हे नक्की सांग. हौसेनं धंद्यात उतरलेल्या पोरांना कुणी हे शिकवत नाही.

आता इथल्या शहराविषयी. पेर्पिन्याँत दरवर्षी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बातमीछायाचित्रांचा मोठा मेळा भरतो, 'व्हिसा पूर ल'इमाज' नावाचा. १९८९ पासून चालू आहे. जुन्या मठांतून, चर्चमधून प्रदर्शनं लागतात आणि कुणालाही फुकट बघता येतात. शाळेची पोरं येतात, भाजीची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या येतात, युद्धाच्या, दुष्काळाच्या फोटोंसमोर बराच वेळ उभ्या राहतात. मला या मेळ्याचं सगळ्यात जास्त मोल याच्यासाठी वाटतं. आमच्यासारखे सुटं काम करणारे मात्र आणखी एका कारणानं येतात. मासिकांचे चित्रसंपादक पहिल्या आठवड्यात इथं असतात, वेळ मागून घेतला की समोर बसून फोटो बघतात.

मी सौंदत्तीचे आणि निपाणीचे फोटो घेऊन गेले होते. कागदावर छापून, कारण कागदावर माणूस जास्त वेळ थांबतो. एका वयस्क बाईंनी एकेक फोटो हातात घेऊन पाहिला. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळला की हवाच पिवळी होते, त्या गर्दीतले फोटो त्यांना आवडले. मग निपाणीच्या वखारीतले, नाकातोंडाला पदर बांधून तंबाखू निवडणाऱ्या बायकांचे. फोटो खाली ठेवून त्यांनी विचारलं, "या भागात तू राहतेस कुठं?" मी म्हटलं, लॉजवर. त्या म्हणाल्या, "मग हे यात्रेचे आणि कामाचे फोटो आहेत. या बायका संध्याकाळी घरी गेल्यावर काय करतात, ते तुझ्याकडं नाही. तिथं राहायची सोय कर आणि वर्षभरानं मला दाखव." त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आपलं वडगावचं घर आहे, आणि दोनच दिवसांनी अण्णाचा फोन आला.

आप्पा, हा गावही सीमेवरचा आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. इथली जुनी भाषा कातालान. १६५९ च्या तहानं हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडं आला. रस्त्यांच्या कितीतरी पाट्या दोन भाषांत आहेत, वर फ्रेंच, खाली कातालान. इथून थोड्या अंतरावर ल पेर्तूस नावाचं गाव आहे, तिथल्या मोठ्या रस्त्याची एक बाजू फ्रान्सची आणि समोरची दुकानं स्पेनची. डोंगरात लिव्हिया नावाचं एक गाव तर चारी बाजूंनी फ्रान्सनं वेढलेलं असून स्पेनचं आहे. लोक इकडून तिकडं भाजी आणायला जातात. त्या रस्त्यावर उभी राहिले की मला शनिवारचा बेळगावचा बाजार दिसतो. तुम्ही सूतवाल्याशी कानडीत घासाघीस करायचात, घरी येऊन आईला मराठीत हिशेब सांगायचात, आणि मधे वाटेत कुणी भेटला तर हिंदी. मला लहानपणी वाटायचं सगळीकडंच असं असतं.

आपल्याकडची जखम अजून ओली आहे, हे मला ठाऊक आहे. १९५६ ला भाषावार प्रांत झाले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. महाजन आयोग आला, १९६७ ला अहवाल आला, वाद मिटला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तुम्ही दरवर्षी १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जायचात, कामाचा खाडा झाला तरी. मी त्या रांगेत तुमचं बोट धरून उभी राहिलेय. त्याविषयी मला इथं वाद घालायचा नाही. मला वेगळंच सलतं. बाहेरचे कॅमेरे आपल्याकडं १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला येतात, काळे झेंडे, फासलेल्या पाट्या, फुटलेल्या काचा घेऊन जातात. उरलेलं वर्ष कुणी बघत नाही. मराठी शाळेत पट कमी होत चाललाय, मास्तर तरीही गॅदरिंग बसवतात, ते कुणी बघत नाही. खानापूरच्या कुंभारांच्या भट्ट्या, माघातली चिंचलीच्या मायाक्का देवीची यात्रा, तिथं खांद्यावर घोंगडं टाकून दोन्ही राज्यांतून येणारे धनगर, वडगाव-शहापुरात बंद पडत चाललेले माग, हे सगळं एका माणसानं एका जागी राहून टिपलेलं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. आपल्या लोकांचे चेहरे फक्त भांडणाच्या दिवशीचे शिल्लक राहावेत, हे मला सहन होत नाही.

आणि हे काम लॉजवरून होत नाही. यल्लम्मा मार्गशीर्षात, चिंचली माघात, शिवजयंतीचे चित्ररथ वैशाखात, तंबाखूच्या वखारी त्याच्या आगेमागे. दर वेळी येऊन-जाऊन परवडत नाही, आणि परवडलं तरी माणसं ओळख देत नाहीत. सौंदत्तीला जोगतिणींचे, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायकांचे फोटो लोक न विचारता काढतात आणि विकतात. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी त्या बायकांच्या चेहऱ्याचा बाजार थांबलेला नाही. इथं फ्रान्समध्ये माणसाच्या प्रतिमेवर त्याचा स्वतःचा हक्क कायदा मानतो, रस्त्यावर कॅमेरा वर केला तरी कुणीही येऊन जाब विचारतं. मला ते आवडतं. मी ठरवलंय, ज्या बाईचा फोटो काढला तिला छापून नेऊन द्यायचा, तिनं बघून हो म्हटलं तरच तो बाहेर दाखवायचा. त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. दाराची कडी वाजवण्याइतकं जवळ राहावं लागतं.

घरातली जागाही माझ्या कामाला अशी जमलेली आहे की नवी बांधली तरी तशी होणार नाही. मागघरात वरच्या कौलांत काचेचं कौल बसवलंय ना, दुपारपर्यंत त्यातून मऊ उजेड उतरतो. वडगावातल्या विणकऱ्यांना एकेक करून तिथं बसवून फोटो काढायचे, अगदी त्याच उजेडात. मागाच्या खड्ड्याला हात लावायचा नाही, त्याच्या कडेलाच स्टूल ठेवीन. मधली खोली अंधारी आहे म्हणून आई नेहमी कुरकुरायची, ती मला फोटोंच्या साठवणीला हवी आहे. मूळ फायलींच्या तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावी, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. एक वडगावला, एक माझ्याजवळ, आणि एक डिस्क कोल्हापुरात अण्णाच्या कपाटात, चालेल ना?

इथं मी एका माणसाची हकीकत ऐकली आणि ती डोक्यातून जात नाही. आगुस्ती सेंतेयेस नावाचा बार्सिलोनाचा छायाचित्रकार होता. स्पेनमधल्या यादवीत त्याच्या बाजूचा पराभव झाला, १९३९ च्या हिवाळ्यात लाखो लोक डोंगर ओलांडून याच भागात आले. त्यानं बरोबर काय आणलं, तर लायका कॅमेरा आणि निगेटिव्हांनी भरलेली पेटी. निर्वासितांच्या छावणीत राहिला, पेटी सोडली नाही. पुढं १९४४ ला स्पेनला परत जायची वेळ आली तेव्हा कार्कासोनमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या घरात त्यानं ती पेटी ठेवली. फ्रँकोची राजवट संपल्यावर, १९७६ ला तो ती न्यायला आला. तीस वर्षांहून जास्त काळ त्या घरानं पेटी जपली होती. त्यात त्या युद्धाचे हजारो फोटो होते. कार्कासोन इथून लांब नाही, मी मुद्दाम जाऊन आले.

आपल्या माळ्यावरही पत्र्याची एक ट्रंक आहे. कॉलेजात असताना खडेबाजारातल्या एका स्टुडिओवाल्यांनी मला जुना कॅमेरा वापरायला दिला होता, त्यावर काढलेले चित्ररथांचे रोल त्यात आहेत. रात्रभर मिरवणूक, दिव्यांचा उजेड, सजीव देखाव्यातली न हलता उभी राहिलेली पोरं. त्याच ट्रंकेत आप्पांचे मागावर बसलेले फोटो आहेत, ते मी कुणाला दाखवलेले नाहीत. बेळगावच्या पावसात निगेटिव्हला बुरशी धरते. अण्णा, पाऊस उघडला की एकदा जाऊन ये. ट्रंक उन्हात उघडू नकोस, घरातच कोरड्या खोलीत उघड, निगेटिव्हवर बोटं टेकवू नकोस, कडेनं धर, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद कर. जमलं तर कोल्हापूरला घेऊन ये.

आता पैशाचं. अण्णा, तुझ्या मनात पोरांच्या शिक्षणाचा विचार आहे, तो खोटा नाही. घराची जी किंमत आली असेल त्यातला तुझा वाटा मी देईन. एकरकमी जमणार नाही, हप्त्यानं देईन, आणि त्याचा कागद करू, तोंडी नको. पहिला हप्ता या द्राक्षांच्या कामाचे पैसे आले की पाठवते. घरपट्टी यापुढं माझी. परसातली भिंत खचलीय ती मी आल्यावर बघू. घराचे उतारे आणि जुनं खरेदीखत कुठल्या पिशवीत आहे ते आईलाच माहीत असणार, तेवढं काढून ठेव. आप्पांच्या हयातीत कुणाच्याही नावावर काही करायचं नाही, मला राहायला मिळालं तरी पुरे.

आई, मी एकटी राहणार म्हणून तुला काळजी वाटेल. शेजारच्या काकूंना मी फोन केलाय. त्या म्हणाल्या, "ये की गं, किल्ली आमच्याकडंच हाय." त्यांच्या सुनेनं पाण्याच्या मोटरीचंही बघितलंय, चालू आहे म्हणाली. मी नोव्हेंबरअखेर मुंबईला उतरीन, आधी कोल्हापुरात तुमच्याजवळ राहीन, मग मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्या गल्लीतल्या यल्लम्माच्या भक्तांबरोबर सौंदत्तीला जाईन. आई, गुडघे साथ देत असतील तर तू पण चल. भंडाऱ्यापासून कॅमेरा वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या लागतात, त्या तू साठवतेस तशा ठेव, टाकू नकोस.

आप्पा, गिऱ्हाइकाला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगा, आणि तोवर बयाणा घेऊ नका. तुमचं मन काय म्हणतं ते मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे, अण्णाकरवी नको. रविवारी दुपारी फोन करीन, इथं तेव्हा सकाळ असते.

तुमची,
धाकटी