घरी सोडण्याआधी गोळ्यांचा हिशेब जुळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझे वडील नऊ दिवस रुग्णालयात होते. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर आणि सिस्टर, सगळ्यांनी जीव ओतून केलं. पण घरी सोडणार हे आम्हाला सकाळच्या राऊंडला कळलं आणि दुपारपर्यंत पलंग रिकामा करायचा होता. भाऊ बिलाच्या रांगेत, मी सामान आवरतेय, वडील कधी एकदा घरी जातो म्हणून उतावीळ. त्या धावपळीत डिस्चार्ज कार्ड हातात आलं आणि दोन मिनिटांत अकरा औषधं सांगून झाली. मी नुसती मान हलवत होते.

घरी रक्तदाबाची जुनी गोळी होतीच. नव्या यादीतही तेच औषध होतं, पण दुसऱ्या कंपनीच्या नावानं. जुनी बंद करा, असं कुणी सांगितलं नव्हतं आणि कार्डावरही नव्हतं. वडील दोन्ही घेत राहिले. चौथ्या दिवशी पहाटे उठताना चक्कर येऊन पडले, पुन्हा त्याच वॉर्डात. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी घरचा गोळ्यांचा डबा मागवून घेतला, टेबलावर ओतला आणि एकेक पाकीट वाचलं, तेव्हा उलगडा झाला. पाच मिनिटं लागली. हे काम आधीच्या वेळी सुट्टी देतानाच व्हायला हवं होतं.

आमच्यासारखी अनेक घरं आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४०० रुग्णांचा घरी गेल्यावर पाठपुरावा झाला. त्यांतल्या १९ टक्के जणांना उपचारांमुळेच काही ना काही अपाय झाला होता, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश अपाय औषधांमुळे होते. यावर उपाय आहे, तोही फार अवघड नाही. बोस्टनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका नर्सकडे फक्त रुग्णाला नीट घरी पोहोचवण्याचं काम दिलं होतं. औषधांची जुनी-नवी यादी जुळवायची, पुढची तारीख घेऊन द्यायची, सोप्या भाषेतली पुस्तिका हातात द्यायची. दोन ते चार दिवसांनी फार्मासिस्टचा फोन. अशा रुग्णांचं पुढच्या महिन्याभरात रुग्णालयात परतणं सुमारे ३० टक्क्यांनी घटलं.

माझा आग्रह मुख्यतः एका गोष्टीसाठी आहे. "समजलं ना?" असं विचारलं की घाबरलेला माणूस "हो" म्हणतो, मीही म्हटलं. त्याऐवजी "उद्या सकाळी कोणती गोळी देणार, कोणती बंद करणार, ते तुम्हीच मला सांगा" असं विचारा. जे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडेल. आणि हे घरी प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, त्या दिवशी योगायोगानं पलंगाशेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला नको. तो माणूस कोण, ड्रेसिंग कोण बदलणार, घरात जिने किती, ही चौकशी दाखल होण्याच्या दिवसापासून सुरू होऊ शकते. घरी सोडण्याच्या दुपारी ती होत नाही, हे मी पाहिलं आहे.

तपासण्यांचंही तेच. वडिलांचा एक रिपोर्ट यायचा बाकी होता, हे आम्हाला नंतर दुसऱ्याच कारणानं गेलो तेव्हा समजलं. कोणते रिपोर्ट बाकी आहेत आणि ते कोण बघणार, एवढी एक ओळ कार्डावर असायला काय हरकत आहे?

वाचकांनाही विनंती, रुग्णालयात जाताना घरातली सगळी औषधं पाकिटांसकट पिशवीत घालून न्या.

आमच्या कार्डावर फोन नंबर होता, तो नोंदणीच्या खिडकीचा. रात्री अकराला तो कुणी उचलला नाही. डॉक्टर नसले तरी चालेल, पण रुग्णाची फाइल समोर असलेला कुणीतरी फोन उचलेल असा नंबर, निदान पहिल्या आठवड्यापुरता, प्रत्येक कार्डावर छापलेला असावा.

आपली,
एक वाचक