काका, त्या चार खांबांसाठी मनापासून आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी आडवा वारा होता आणि मी एकटीने बोट लिफ्टवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या यंत्रावर, घेतली. धक्क्यावर मदतीला कुणीही नव्हतं. आत शिरताना वाऱ्याने मागची बाजू डावीकडे ढकलली, कडेची रबरी पट्टी गाइड पोलला, म्हणजे बोटीला वाट दाखवायला लिफ्टवर उभ्या केलेल्या खांबाला, टेकली, पोलवरची नळी अर्धा वेढा फिरली आणि बोट आपसूक सरळ झाली. इंजिन बंद करून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. घरी आल्या आल्या हे पत्र लिहायला घेतलं. तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

तुम्ही भेटलात तेव्हा आमची काय अवस्था होती, हे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. लिफ्टचा पाळणा, म्हणजे बोट ज्यावर बसते तो सांगाडा, एकदा पाण्याखाली उतरवला की वरून काही दिसत नाही. अंदाजाने आत जायचं. वेग कमी केला की सुकाणू ऐकत नाही, वाढवला तर आपटायची भीती. म्हणून भाऊ धक्क्यावर लांब काठी घेऊन उभा राहायचा आणि काठी पुरली नाही की हात लावायचा. एके दिवशी वाऱ्याचा झोत आला, बोट सरकली आणि तिची कड नि लिफ्टचा खांब यांच्यात त्याची करंगळी सापडली. हाड मोडलं. त्यानंतर पाण्यावर जायचं नाव काढलं की घरात सगळे गप्प व्हायचे.

म्हणून मी गाइड पोल लावायचं ठरवलं आणि सामानाची यादी घेऊन तुमच्याकडे आले. यादीत 2.2 मीटर उंचीचे चार पोल होते. उंच असले की लांबून दिसतील, एवढाच माझा विचार. तुम्ही यादी वाचलीत आणि एकच प्रश्न विचारलात, "पाळणा पूर्ण वर गेला की छतापर्यंत जागा किती उरते?" मी मोजलीच नव्हती. पोल पाळण्याच्या तुळईवर बसवायचे म्हणजे पाळण्याबरोबर तेही वर जाणार. मोजलं तर तुळईपासून छताच्या सांगाड्यापर्यंत 1.9 मीटर. माझे पोल पहिल्याच दिवशी छत फाडून वर गेले असते. मग खालचं मोजलं. पाळणा खाली आणि बोट तरंगत असताना तुळईपासून बोटीच्या काठापर्यंत 1.45 मीटर. त्यावर 30 सेंटीमीटर धरून 1.75 ठरले. काठाच्या वर पोल नीट दिसतात आणि छताला लागतही नाहीत.

त्यापुढचं जे शिकवलंत, त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. मी पाळण्याच्या मधोमध खूण करून दोन्हीकडे सारखं अंतर घेणार होते. तुम्ही म्हणालात, पाळण्याचा मध्य विसर, बोट नीट कुठे बसते ते बघ. शांत पाण्याच्या सकाळी बोट हळूहळू उचलायला लावलीत. दोनदा खाली घेऊन पुन्हा बसवलीत. बोटीचा तळ टेकतो त्या पाळण्याच्या दोन्ही फळ्यांवर भार सारखा आला, बोट कुठेच कलली नाही, तेव्हा मेन स्विच बंद केलात आणि खिशातून ओळंबा काढलात. रबरी पट्टीच्या सर्वांत बाहेरच्या टोकावरून दोरा सोडलात आणि तुळईवर खडूने खूण केलीत. दुसऱ्या बाजूलाही तेच. बोटीची जागा पाळण्याच्या मध्यापासून तब्बल 4 सेंटीमीटर उजवीकडे निघाली! म्हणजे मी माझ्या हिशेबाने पोल लावले असते, तर त्या पोलनीच बोट दरवेळी वाकडी बसवली असती. पाळणा उचलणाऱ्या एका बाजूच्या केबलवर जास्त भार आणि तळाला फळीची कड रुतलेली. तुमच्या खुणांच्या बाहेर दोन्हीकडे 5 सेंटीमीटर सोडून पोल बसवले. 2.4 मीटर रुंदीची बोट, पोलमधलं अंतर 2.5 मीटर. मला ते फार सैल वाटलं होतं. पण पाळणा वर येताना पोल बोटीच्या कडेला घासत सरकतात, घट्ट बसवले तर अडकून वाकतील, हे तुम्ही हाताने करून दाखवलंत तेव्हा पटलं.

आणि ती फिरणारी नळी! दीड इंची गॅल्व्हनाइज्ड पाइपवर दोन इंची पीव्हीसी पाइप नुसता सैल घातलेला. मी तो स्क्रूने पक्का करणार होते, तुम्ही हातातून ड्रिलच काढून घेतलंत. सैल असतो म्हणून फिरतो आणि फिरतो म्हणून बोटीचा रंग ओरबाडत नाही. नळी उन्हात वाढते, म्हणून वरच्या टोपीखाली बोटाच्या पेराएवढी फट ठेवायला लावलीत. घरात नळाला वापरतात तो पांढरा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून वायरिंगचा राखाडी पाइप घ्यायला सांगितलंत.

तुळईला भोक पाडायचं नाही, यू-बोल्टनेच आवळायचं, हा तुमचा आग्रह मी शब्दशः पाळला. ॲल्युमिनियमची तुळई आणि पोलचा पाइप यांच्यामध्ये नायलॉनच्या पट्ट्या घातल्या आहेत. स्टेनलेसचे नट सावकाश आणि ग्रीस लावून आवळले, त्यामुळे एकही जाम झाला नाही.

तुम्ही तीन सकाळी दिल्यात. चहाशिवाय काही घेतलं नाहीत. पैशांचा विषय काढला तर उठून निघालात. पोल मी कुठूनही विकत आणले असते, काका. पण आज धक्क्यावर कुणालाही बोट आणि खांब यांच्यामध्ये हात घालावा लागत नाही, हे तुम्ही दिलंत.

भावाची करंगळी आता वळते. गेल्या रविवारी तो स्वतःहून सुकाणूवर बसला आणि पहिल्याच झटक्यात बोट आत नेली. आई धक्क्यावर उभी राहून बघत होती. किती तरी महिन्यांनी तिने "सावकाश" म्हटलं नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे महिन्याभराने सगळे नट तपासले. मागच्या डाव्या पोलचा एक नट पाव आटा सैल झाला होता, तो आवळला. बाकीचे जसेच्या तसे आहेत.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या धक्क्यावरची