विषय: ‘बम्पर टू बम्पर’ वॉरंटीतून बम्परसुद्धा वगळल्याबद्दल, आणि ‘हवा ही कन्झ्युमेबल (म्हणजे वापरून संपणारी वस्तू) आहे’ या आपल्या शोधाबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, वॉरंटी व ग्राहक सेवा विभाग
(प्रत: शोरूमचे मालक. किल्ली देतानाच्या फोटोत माझ्या शेजारी उभे आहेत ते.)

संदर्भ: बेंटली कॉन्टिनेंटल जीटी, डब्ल्यू-१२, पहिली नोंदणी २०१०, मूळ पासिंग दिल्ली, आणि वॉरंटी डेस्कचा काल संध्याकाळचा फोन.

महोदय,

दावा नामंजूर झाल्याचं काल फोनवर सांगण्यात आलं. लेखी द्या म्हटलं, तर ‘सर, सिस्टीममधून लेटर जनरेट होत नाही.’ माझ्या सिस्टीममधून होतं. हे घ्या.

गाडीची माहिती देत बसत नाही, तुम्हीच विकलीत. पुढच्या डाव्या बाजूचा एअर स्ट्रट, म्हणजे गाडी तोलून धरणारा हवेचा शॉक अॅब्सॉर्बर, गळतोय. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी त्या कोपऱ्यावर बसलेली असते, चाकाच्या कमानीत बोट शिरत नाही. आमचे वॉचमन रोज ‘साहेब, गाडी बसली’ अशी वर्दी देतात. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर घरघरत राहतो आणि बऱ्याच वेळाने डावी बाजू वर येते. गळका स्ट्रट भरत भरत तो कॉम्प्रेसरही एक दिवस जळणार, हे तुमच्या वर्कशॉपला माझ्याआधी माहीत असणार. स्ट्रट आणि मजुरी मिळून अंदाजपत्रक आहे २ लाख ३५ हजारांचं. ते देण्यासाठीच तर तुम्ही वॉरंटीचे १ लाख ८० हजार वेगळे घेतलेत, असा माझा समज होता.

आता कालचं संभाषण. तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहेच (‘प्रशिक्षणासाठी’), तरी माझ्या बाजूनेही नोंद असू दे.

‘सर, तुमचा क्लेम कन्झ्युमेबलमध्ये जातो.’

मी विचारलं, अख्खा स्ट्रट कन्झ्युमेबल?

‘स्ट्रट नाही सर. स्ट्रटमधली हवा. हवाच गेलीय ना? इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, हवा, हे सगळं कन्झ्युमेबल.’

मी भोसरीत मशीन शॉप चालवतो. कॉम्प्रेसर, एअर लाइन, गळती हे माझं रोजचं काम. म्हणून शांतपणे सांगितलं, की बाबा, हवा गेली कारण बेलोला, म्हणजे हवा धरून ठेवणाऱ्या पिशवीला, चीर पडली. बेलो हा पार्ट आहे.

‘बेलो रबराचा आहे ना सर? मग रबर पार्ट. रबर पार्ट वेअर अँड टेअरमध्ये.’

आणि कॉम्प्रेसर?

‘तो खराब झालाय का?’

अजून नाही. होईल.

‘झाला की क्लेम टाका. पण बेलोमुळे झाला असेल तर कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज धरतात, ते नाही मिळणार.’

म्हणजे गेलेली हवा माझी, फाटलेलं रबर माझं आणि उद्या जळणारा कॉम्प्रेसरही माझाच. मग तुमचं काय, असं विचारल्यावर फोन होल्डवर गेला. होल्डवर तुमच्या ध्वनिमुद्रित बाई ‘लक्झरी, आता तुमच्या आवाक्यात’ असं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यानंतर एक वरिष्ठ आले. नाव विचारलं तर सांगितलं नाही, पण सल्ला दिला: ‘सर, राग मानू नका, पण बेंटली घेणाऱ्या माणसाने दोन-अडीच लाखांसाठी एवढं...’

एवढं काय?

‘नाही, म्हणजे आमचे बाकीचे कस्टमर असे प्रश्न विचारत नाहीत.’

साहेब, तुमचे बाकीचे कस्टमर विचारत नसतील तर त्यांचं भलं होवो. नवी होती तेव्हा कोटीच्या वर असलेली गाडी जो माणूस ४२ लाखांत घेतो, तो पैसे मोजूनच घेतो. अशा मोजणाऱ्या माणसांवरच तुमचं शोरूम चालतं. न मोजणारे नवी घेतात आणि जुनी तुम्हाला विकतात. तेव्हा मी हिशेब विचारला म्हणून तुमच्या वरिष्ठांना माझी कीव यावी, हे मला समजलेलं नाही. समजून घ्यायचीही इच्छा नाही.

मुद्दा इतकाच आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक असल्यामुळेच मला जास्त चीड येते. वर्षागणिक किंमत उतरते ती गाडीची, सुट्या भागांची नाही. सहा लिटरच्या, दोन टर्बोच्या, बारा सिलिंडरच्या इंजिनाला १५ वर्षांनंतरही बाराच स्पार्क प्लग लागतात. त्या इंजिनाभोवती जागाच इतकी कमी आहे की टर्बो काढायचा तर आधी इंजिन उतरवावं लागतं. पुढच्या ब्रेक डिस्क ४०५ मिलिमीटरच्या आहेत, त्या काही गाडी जुनी झाली म्हणून आकसत नाहीत. सव्वादोन टनांवर वजनाची गाडी चार एअर स्ट्रटवर उभी आहे. त्यातला एखादा या वयात दगा देणार, यात नवल नाही आणि गाडीचा दोषही नाही. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. चालते तेव्हा देखणी चालते. पेट्रोलबद्दलही तक्रार नाही. ९० लिटरची टाकी आहे आणि शहरात ती किती पिते हे मी बघून घेतलं होतं. १०० ऑक्टेनचं इथेनॉलविरहित पेट्रोल लिटरला १६० रुपयांच्या आसपास पडतं, तेही मी कुरकुर न करता भरतो. तक्रार आहे ती वॉरंटी नावाच्या कागदाबद्दल.

विक्रीच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं: ‘सर, आतून फोल्क्सवागनच आहे. मेंटेनन्स कुठल्याही जर्मन सेडानसारखा.’ स्क्रीनशॉट जोडला आहे. प्लॅटफॉर्म फोल्क्सवागनच्याच फेटन या सेडानचा आहे हे खरंच आहे, मी वाचलं होतं. म्हणून स्ट्रट गळायला लागल्यावर तुमच्याच वर्कशॉपला विचारलं, की मग त्या घराण्यातला एखादा स्वस्त पर्याय बसतो का ते बघा. उत्तर आलं, ‘फक्त ओरिजिनल पार्ट, इंग्लंडहून, नाहीतर वॉरंटी रद्द.’ विकताना फोल्क्सवागन आणि बिलाच्या वेळी बेंटली! बरं, ओरिजिनल घ्या म्हणून वॉरंटीकडे गेलो तर तो पार्टच नाही, तो हवा.

एका बाबतीत मात्र तुमच्या प्रतिनिधीचा शब्द खरा ठरला, ते नोंदवतो. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना सारखाच, ७,८९७ रुपये. शेजाऱ्यांच्या सेडानला तेवढा, मलाही तेवढाच. बाकी गाडी पाच वर्षांच्या पुढची असल्याने आयडीव्हीची (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीची) घासाघीस मीच केली आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) मिळालं नाही, ते सोडून देतो.

सोडून देता येत नाही ती तुमची ‘१५० पॉइंट तपासणी’. तो तक्ता काल परत काढला. सगळ्या बरोबरच्या खुणा एका दमात, एकाच तिरकस फराट्याने केलेल्या आहेत. सस्पेन्शन: ओके. एअर कॉम्प्रेसर: ओके. आणि पान दोनवर, क्लच पेडल: ओके. ही गाडी ऑटोमॅटिक आहे, महोदय. तिला दोनच पेडल आहेत. तिसरं पेडल तुमच्या तपासनिसाने कुठे पाहिलं आणि ते दाबल्यावर त्याला काय जाणवलं, हे लेखी कळवावं.

दिल्ली पासिंगचंही तसंच. तिकडे पेट्रोल गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा घातली गेली म्हणून अशा गाड्या इकडे स्वस्तात येतात, हे मलाही कळतं. पण ‘आरटीओचं सगळं आमच्याकडे’ असं म्हणणाऱ्यांनी एनओसी आणून नंबर बदलला आणि अंग काढून घेतलं. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क साध्या मोटारीला ५,००० आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये आहे, हे मला आरटीओच्या खिडकीवर कळलं. हा नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अशा गाड्या विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना तो माहीत नव्हता?

आणि तुमची ‘रोडसाइड असिस्टन्स’. फोर व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच पाठवा, असं मी बजावून सांगितलं होतं. आली पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन. चालक बिचारा समजूतदार निघाला. गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, ही मी उचलत नाही, उद्या माझ्यावर येईल.’ तुमच्या अख्ख्या कंपनीत मला भेटलेला हा एकमेव जबाबदार माणूस, आणि तोही कंत्राटी.

राहिला बम्पर. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘बम्पर टू बम्पर’. नवव्या पानावर, बारीक अक्षरांत, वगळलेल्या भागांची यादी: काच, दिवे, रंग, ट्रिम, रबर, बॅटरी, ‘पुढील व मागील बम्पर’. डिकीत दोन बॅटऱ्या आहेत, त्या दोन्ही बाद. एका दाव्याची कमाल मर्यादा ७५ हजार. म्हणजे हवेला तुम्ही पार्ट मानलं असतं तरी अंदाजपत्रकाचा एक तृतीयांश भागही मिळाला नसता. मग १ लाख ८० हजार कशाचे घेतलेत? पुन्हा विचारतो, कशाचे? हवा कन्झ्युमेबल असेल तर तुम्ही मला विकलं ते दुसरं काय होतं?

माझ्या मागण्या: स्ट्रट, कॉम्प्रेसरच्या तपासणीसकट, पूर्णपणे तुमच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा, किंवा वॉरंटीची रक्कम संपूर्ण परत करावी. दावा नाकारायचाच असेल तर कारण लेटरहेडवर, सहीनिशी द्यावं, आणि त्यात ‘हवा’ हा शब्द असावा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. करारात तुम्ही ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयांत’ असं छापलं आहे. कलम ३४ मला मी राहतो तिथे तक्रार करू देतं, तुमच्या वकिलांना विचारा. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच पुरेसा आहे. व्हॉट्सअॅपचा मजकूर आणि क्लच पेडलचा तक्ता पुराव्यात पहिल्या क्रमांकावर लावणार आहे. कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा, ते मागवण्याचा अर्जही सोबतच करीन.

पुन्हा फोन करू नये. विशेषतः त्या वरिष्ठांनी तर नाहीच.

कळावे,
तुमचा ग्राहक (भोसरी, पुणे)

ता. क. गाडीची दुसरी किल्ली ‘दिल्लीहून कुरियरने येतेय’ असं डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं होतं. ती अजून आलेली नाही. की तीही कन्झ्युमेबल?